तळाची भाकर

सीना नदी जिथे खडकाळ माळाला वळसा घालून उतरते, तिथे खडकवाण नावाचे गाव आहे. गावाबाहेर, मुरमाच्या उंचवट्यावर, देवदान महाराजांनी आपली पहिली झोपडी घातली आणि तिच्या दारावर कोळशाने ‘सहवास’ असे लिहिले. पुढे तिथे चौदा चुली झाल्या, चार हातमाग आले, एक लहानशी शाळा झाली, जखमा धुण्याचा ओटा झाला. पण नाव तेच राहिले. भाविकहो, त्या चार मागांपैकी नदीकडच्या मागावर मी बसत असे. जे सांगतो आहे ते मी पाहिलेले आहे, आणि काही ठिकाणी ‘पाहिले’ म्हणतो तिथे ‘केले’ असा अर्थ घ्यावा, कारण या कथेत माझेही पाप आहे.

महाराज पूर्वी गाडीवान होते. एकदा गाडी उलटून पाय मोडला, बैल मेले, आणि रस्त्याकडेला पडलेल्या या परक्या माणसाला मिशनच्या एका कंपाउंडरने चाळीस दिवस आपल्या घरी ठेवून घेतले. “तो मला एकदाही प्रभूबद्दल बोलला नाही,” महाराज सांगत. “माझी घाण काढायचा आणि गुणगुणायचा. शेवटी मीच विचारलं, बाबा, तू कोणाचा?” त्या प्रश्नातून ते ख्रिस्ताचे झाले. एकतारी घेऊन अभंग म्हणत हिंडत, म्हणून लोक त्यांना महाराज म्हणू लागले. मिशनच्या काही मंडळींना ते नाव खटकले, तेव्हा ते हसून म्हणाले, “महाराज म्हणा, नाहीतर गाडीवान म्हणा. हाक प्रेमाची असली म्हणजे झालं!”

सहवासात एकच मोठा नियम होता, परातीचा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी प्रीतिभोजन असे. प्रत्येक चुलीने एक भाकर आणायची आणि पितळी परातीत रचायची. उपासना संपली की महाराज वरची भाकर उचलून मोडत. तिचा पहिला तुकडा उपासना चालवणाऱ्याला देत, मग बाकीच्या सगळ्या भाकरी मोडून हाताने कालवत आणि परात फिरवत. कोणाची भाकर कोणाच्या पोटात गेली हे कोणालाच कळू नये, असा त्यातला हेतू. आमच्यात नाना जातींतून आलेले लोक होते. ज्यांच्या आज्यांनी एकमेकींची सावली चुकवली होती, त्यांच्या नाती एका परातीत हात घालत. हे पाहायला गावातले लोक कुंपणापाशी येऊन उभे राहत आणि तोंडावर पदर घेत.

उपासना चालवण्याचे काम त्रिंबकराव मास्तरांकडे होते. मास्तर मोठ्या घरचे, वेदपाठी घराण्यातले. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी त्यांच्या आईने मुलगा मेला म्हणून अंघोळ केली होती. इस्टेट गेली, सोयरे गेले, भावाने वाटेत दिसल्यावर तोंड फिरवले. एवढे सोसून आलेल्या माणसाबद्दल बोलताना जीभ जपूनच वापरावी लागते. विद्वत्ता त्यांची खरी होती आणि श्रद्धाही खरी होती. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसे काहीतरी त्यांच्या हाताबोटांत राहून गेले होते. ते त्यांना स्वतःला कितपत ठाऊक होते, हे मी अजूनही सांगू शकत नाही.

आणि तान्हाबाई! त्यांच्या माहेरी-सासरी केरसुण्या बांधण्याचा आणि दोर वळण्याचा धंदा. नवरा गेला, मूल जगले नाही. अंगावर एक उकिरड्यासारखा चिघळलेला फोड घेऊन त्या जखमा धुण्याच्या ओट्यावर आल्या. महाराजांनी आपल्या हाताने तो धुतला. बऱ्या झाल्या तशा त्यांनी आपली बोचकी आणली आणि शेवटच्या झोपडीत चूल मांडली. दिवसभर केरसुण्या बांधत, ओटा धूत, आजाऱ्यांचे कपडे नदीवर नेत. अक्षरओळख नव्हती. उपासनेत त्या दाराशी बसत आणि मास्तरांच्या तोंडचा प्रत्येक शब्द असा ऐकत, जणू कोणी त्यांच्या पदरात दाणे टाकत आहे.

आमच्या उपासनेच्या शेवटी आशीर्वाद म्हणतात आणि त्यात ‘सहभागिता’ हा शब्द येतो. मास्तर तो शब्द खर्जात, लांबवून म्हणत. तो म्हटला की लगेच परात पुढे येई. तान्हाबाईंच्या कानांनी या दोन गोष्टींची आपली आपण सांगड घातली.

एका रविवारी महाराज म्हणाले, “आज ज्यांनी कधी तोंड उघडलं नाही त्यांच्यापैकी कोणीतरी प्रार्थना म्हणा.”  मग दाराशी हालचाल झाली. तान्हाबाई उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाल्या, “बापा, मला बोलता येत न्हाई. तू सारं दिलंस. आता येवढंच दे, आमच्या मंडळीला सहभाकरिता दे. गावालाबी दे. कुनी सहभाकरितेबिगर राहू नये.”

आधी कोणाला समजलेच नाही. मग समोरच्या रांगेत खसखस पिकली. मास्तरांनी पुस्तक मिटले आणि मान वर न करता म्हणाले, “तान्हाबाई, सहभागिता. स-ह-भा-गि-ता. भाकरीचा संबंध नाही. आधी पोटोबा ही म्हण आपल्या मंडळीतही आली म्हणायची!”

झोपडी हसली. मी तर मोठ्याने हसलो. मागावरच्या माझ्या सोबत्याला कोपराने ढोसून मी तो शब्द पुन्हा म्हणून दाखवला. तान्हाबाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिले, आपणही थोड्या हसल्या, जसे न समजलेल्या थट्टेला माणूस हसतो, आणि खाली बसल्या. परात आली, फिरली, आम्ही खाल्ले.

त्या दिवसानंतर तान्हाबाईंनी मंडळीत तोंड उघडले नाही. गाणे सुरू झाले की ओठ हलत, आवाज नसे. कोणाच्या हे ध्यानातही आले नाही. तीन वर्षे गेली! भाविकहो, एका झोपडीत बसून, एका परातीतले खाऊन आम्ही तीन वर्षे एका माणसाचे गप्प राहणे ऐकले नाही. आता आठवले की अन्न गोड लागत नाही.

या तीन वर्षांत दोन गोष्टी मी पाहिल्या होत्या आणि दोन्हींचा अर्थ उलटा लावला होता. एक म्हणजे तान्हाबाई प्रीतिभोजनाला सगळ्यांच्या आधी येत. परात रिकामी असतानाच आपली भाकर ठेवून जागेवर बसत. आम्ही म्हणायचो, बाईला भूक फार. दुसरी म्हणजे मास्तरांच्या घरून नेहमी गव्हाची पोळी येई, आणि येई ती सगळ्यांच्या शेवटी. त्यामुळे ती रचलेल्या भाकरींवर सगळ्यांत वर असे, महाराज आधी तीच मोडत आणि पहिला तुकडा उपासना चालवणाऱ्या मास्तरांना मिळे. परात फिरू लागे तेव्हा मास्तर आशीर्वादाचे पुस्तक गुंडाळत बसलेले असत, आणखी काही घेत नसत. आम्ही म्हणायचो, केवढे मन या माणसाचे! सगळे ज्वारीची आणतात, हा गव्हाची आणतो आणि स्वतः एक तुकडा खाऊन उठतो.

मग महायुद्धाच्या अखेरीस मानमोडीची साथ आली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना काय सांगावे? सकाळी शेतावर गेलेला माणूस दुपारी मान टाकून परत येई. ताप, खोकला, नाकातून रक्त, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी खेळ खलास. त्यात पाऊस दगा देऊन गेलेला. गावात घराघरांना आतून कड्या लागल्या. पाणी द्यायला माणूस उरला नाही, म्हणून गावाने आपले आजारी धर्मशाळेत आणून ठेवायला सुरुवात केली आणि लांबून पाहत राहिले.

महाराजांनी सगळ्यांना झोपडीत बोलावले. म्हणाले, “गाव आपल्याला कुंपणापासून बघत होतं. आता आपण कुंपण ओलांडायचं. मी कोणाला जा म्हणणार नाही. मी स्वतः निघालो आहे.”

“म्या येते,” दाराकडून आवाज आला. तीन वर्षांत मंडळीत ऐकलेला तान्हाबाईंचा तो पहिला आवाज, आणि तोही कामासाठी.

तान्हाबाई धर्मशाळेत गेल्या त्या गेल्याच. तिथेच राहिल्या. ज्या लोकांनी आयुष्यभर त्यांच्या हातचे पाणी घेतले नव्हते, त्यांची तोंडे त्यांनी पुसली, त्यांना पेज पाजली. पाटलाच्या म्हाताऱ्या आईने शुद्धीवर येऊन पाहिले की आपले डोके कोणाच्या मांडीवर आहे, आणि पुन्हा डोळे मिटले. उठून गेली नाही. आम्ही सहवासातले आठ-नऊ जण पाळीपाळीने जात होतो. मास्तर गेले नाहीत. घर सांभाळायला हवे, शाळेची मुले सांभाळायला हवीत, असे म्हणाले, आणि ते खोटेही नव्हते.

साथ कुंपण कुठली जुमानते? एका गुरुवारी मास्तरांच्या बायको, मनोरमाबाई, अंथरुणाला खिळल्या. घसा असा धरला की थेंब उतरेना. मिशनचा कंपाउंडर पाहून गेला आणि म्हणाला, “औषधापेक्षा पोटात काहीतरी गेलं पाहिजे. रविवारपर्यंत काही उतरलं नाही, तर कठीण आहे.” मास्तरांचे लग्न होऊन बावीस वर्षे झाली होती. सगळे सोयरे गेले तेव्हा ही एक बाई त्यांच्याबरोबर आली होती. तिच्याशिवाय त्यांचे या जगात कोणी नव्हते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

शुक्रवारी तान्हाबाईंना ही बातमी कळली. त्यांनी धर्मशाळेतून येऊन नाचणीची पेज केली, गाडग्यात घातली, वर मातीची झाकणी ठेवली आणि मास्तरांच्या दाराशी नेली. मी माग झाडत होतो, मला दिसत होते. मास्तर दारात आले. “ठेवा तिथे,” म्हणाले. बाईंनी ओट्यावर गाडगे ठेवले, दोन पावले मागे सरल्या, आणि म्हणाल्या, “कोमट हाय तवर पाजा. चमच्यानं न्हाई, कापडाच्या बोळ्यानं, थेंब थेंब.” मग निघून गेल्या. तासाभराने मी गेलो तेव्हा गाडगे अंगणात उपडे पडले होते आणि पेज मातीत जिरली होती. कुत्रे आले असेल, असे मी स्वतःला सांगितले. खरे काय ते मला माहीत होते. मी कुणालाच काही बोललो नाही.

रविवार उजाडला, महिन्याचा पहिला. काहीजण म्हणाले, या दिवसांत प्रीतिभोजन नको. महाराज म्हणाले, “याच दिवसांत हवं.” आम्ही जेमतेम सतरा-अठरा जण जमलो. तान्हाबाई धर्मशाळेत होत्या. त्यांनी पहाटेच एका माणसाबरोबर आपली भाकर पाठवली होती, म्हणून ती नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी परातीत पोचली होती. आणि मास्तर, बायको घरात तशी पडलेली असताना, नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या शेवटी आले. हातात पोळी होती. स्वतः लाटली होती. कुठे जाड, कुठे पातळ, एका बाजूला करपलेली.  केवढा हा माणूस आणि केवढा हा हट्ट!

उपासना झाली. मास्तरांनी आशीर्वाद म्हटला, आवाज फाटत होता. महाराजांनी वरची पोळी उचलली, डोळे मिटून आभार मानले आणि मोडायला गेले.

पोळी तुटेना.

महाराजांनी पुन्हा जोर केला. पोळी ताणली जाईना, फाटेना. “कच्ची राहिली असेल,” मास्तर पुटपुटले, आणि कोणीतरी कीव येऊन हसले. महाराजांनी ती बाजूला ठेवली व खालची भाकर घेतली. ज्वारीची भाकर, तव्यावरून उतरून दोन तास झाले नसतील. तीही मोडेना. तिसरी घेतली, चौथी घेतली. गाडी हाकून घट्टे पडलेले ते हात, पण भाकरीला चीरही गेली नाही.

“द्या इकडे,” मास्तर पुढे झाले. दोन्ही हातांनी, मग गुडघ्यावर टेकवून त्यांनी भाकर मोडायची खटपट केली. चेहरा लाल झाला. त्यांनी ती माझ्या हातात दिली. भाविकहो, भाकर मऊ होती! बोटाला मऊ लागत होती, वास येत होता, आणि मोडत नव्हती.  मी ती परातीत टाकून दिली.

महाराज खाली बसले.  मग म्हणाले, “गाडी कुरकुरली की गाडीवान बैलाला मारत नाही, आधी वंगण बघतो. आपलं कुठं आटलंय?”  त्यांनी एकेकाकडे पाहिले, मग दाराजवळच्या रिकाम्या जागेकडे पाहिले आणि तिथेच त्यांची नजर थांबली. “तीन वर्षं झाली,” ते हळूच म्हणाले. “तीन वर्षांत मी तान्हाबाईंची प्रार्थना ऐकली नाही. आणि का नाही, हे मी विचारलंही नाही.”

“त्यांना जमत नाही, महाराज,” मास्तर म्हणाले. “शब्द धड येत नाहीत.”

“हे त्यांना कोणी सांगितलं?”

मास्तर आशीर्वादाचे पुस्तक गुंडाळू लागले. मी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होतो. तेवढ्यात महाराज जे बोलले ते ऐकून मला रडू फुटले. ते म्हणाले, “मी हसलो होतो त्या दिवशी. तुम्ही कोणी पाहिलं नसेल, मिशीत हसलो होतो. माझ्या हातून भाकर कशी मोडेल?” आणि ते उठले, भरलेली परात उचलून डोक्यावर घेतली आणि मोडक्या पायाने लंगडत गावाची वाट धरली. आम्ही त्यांच्या मागे निघालो. मास्तर सर्वांत मागे होते.

धर्मशाळेत बावीस आजारी होते. तान्हाबाई एका खांबाला टेकून बसल्या होत्या. गाल तापाने तांबडे झाले होते, पण मांडीवर कोणाचे तरी मूल होते आणि हात त्याला थोपटत होता. साथीने त्यांनाही गाठले होते. महाराजांनी परात त्यांच्यापुढे ठेवली.

“तान्हाबाई, भाकर मोडत नाही.”

“हात भाजला का म्हाराज?” त्यांना वाटले काही लागले आहे. “द्या, मी मोडते.”

“नुसती मोडायची नाही. आधी प्रार्थना म्हणायची. तुमचीच, त्या दिवशीची.”

तान्हाबाईंनी आमच्याकडे पाहिले. तेच पाहणे, तीन वर्षांपूर्वीचे. “मला शब्द येत न्हाई,” त्या म्हणाल्या. “माझं चुकतं.”

महाराज त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले. ज्या हातांनी त्यांचा फोड धुतला होता ते हात जोडून म्हणाले, “चुकलो मी. मी हसलो होतो. माझ्या लेकरा, मला क्षमा करा, आणि म्हणा.”

बाई गोंधळून गेल्या. महाराजांना उठवायला गेल्या, पण अंगात त्राण नव्हते. मग त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि परातीकडे वळल्या. वरची भाकर उचलली नाही. रचलेल्या भाकरींखाली हात घालून त्या तळाची भाकर काढू लागल्या.

“वरची घ्या ना बाई,” कोणीतरी म्हणाले.

“न्हाई, माझीच घेते. माझी तळाला असते,” त्या म्हणाल्या. “आदुगर येऊन तळाला ठेवते. मास्तरांच्या पोळीला लागू नये म्हून. त्यांस्नी चालत न्हाई. त्ये काय करतील? लहानपनची सवय आसती, सुटता सुटत न्हाई मानसाला.”

त्या हे तक्रार म्हणून बोलल्या नाहीत. पेज कोमट असताना पाजा, हे जसे सांगितले होते, तसेच सांगितले. आम्ही मास्तरांकडे पाहिले. गव्हाची पोळी, शेवटी येणे, पहिला तुकडा. एका क्षणात आम्हा सर्वांना सगळे उमगले. चौदा चुलींची भाकर एक करणारा आमचा परातीचा नियम! एका माणसाने फक्त आपल्या घरचा तुकडा खाऊन तो चुकवला होता, आणि जिला चुकवले तिने ते ओळखून त्याला तीन वर्षे सांभाळून घेतले होते.

तान्हाबाईंनी आपली भाकर हातात धरली. ताप त्यांच्या आवाजात होता. “बापा, सहभाकरिता दे,” त्या म्हणाल्या. “मास्तरीणबाईंस्नी दे. गावाला दे. कुनी तिच्याबिगर राहू नये.”

आणि भाकर मोडली. पहाटेची ती भाकर वाळली होती; कट्ट असा साधा आवाज झाला, रोज प्रत्येक घरात होतो तसा. तो ऐकून अंथरुणावरचे आजारी माना वर करून पाहू लागले.

त्यांनी पहिला तुकडा मास्तरांसमोर धरला. “खाऊ नका वाटलं तर. पर घरी न्या. पेजेत कुस्करून बाईसाहेबांस्नी द्या. परवाची पेज कुत्र्यानं सांडली का वो? गाडगं उपडं दिसलं म्हनत्यात.”

मास्तरांनी तो तुकडा घेतला आणि तिथल्या तिथे त्यातला एक घास तोंडात घातला. चावताना त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होते. “कुत्र्यानं नाही,” ते म्हणाले. “मी ओतली. बाई, तिच्या घशाला थेंब हवा होता, आणि मी ओतली.”

तो वेदपाठी घराण्यातला, आईने मेला म्हणून अंघोळ केलेला, विद्वान माणूस धर्मशाळेच्या फरशीवर आडवा झाला आणि तान्हाबाईंच्या पायांवर डोके ठेवायला गेला. तान्हाबाईंनी झटकन पाय मागे ओढून घेतले.

“नगा, नगा मास्तर. ताप हाय मला, लागंल तुमास्नी.”

पण मास्तरांना कळले, आम्हालाही कळले, की ते तापामुळे नव्हते. कोणी थोर जवळ आले की अंग चोरून घ्यायचे, ही त्यांच्याही लहानपणची सवय होती. आम्ही तीन वर्षे एकत्र राहून ती सोडवली नव्हती. मास्तरांचे कपाळ फरशीवरच टेकले.

उरलेल्या भाकरी महाराजांच्या हातात सहज मोडल्या. परात फिरली. त्या दिवशी गावातल्या आजाऱ्यांनीही तिच्यात हात घातला. मास्तर तुकडा मुठीत धरून धावत घरी गेले, स्वतः चूल पेटवून पेज केली, तुकडा कुस्करला आणि कापडाच्या बोळ्याने थेंब थेंब घशात सोडला. चौथ्या थेंबाला मनोरमाबाईंनी आवंढा गिळला. संध्याकाळपर्यंत वाटीभर पेज गेली, आणि दोन दिवसांनी ताप उतरला. त्या पुढे एकवीस वर्षे जगल्या.

तान्हाबाई मात्र तिसऱ्या दिवशी गेल्या. महाराजांनी उशाशी बसून एकतारी वाजवली, मास्तरांनी पेज भरवली, मी केरसुणीने त्यांच्या भोवतालची जागा झाडली. आणखी काय करणार होतो? मी दोनदा तोंड उघडले, माझे हसणे कबूल करायला. दोन्ही वेळा त्या झोपेत होत्या. माझी क्षमा मागायची राहूनच गेली. त्यांची प्रार्थना देवाने ऐकली, एवढ्यावर मी समाधान मानावे असे लोक म्हणतात. पण ज्या तीन वर्षांत त्या आमच्यामुळे गप्प राहिल्या, त्या तीन वर्षांत त्यांनी देवाकडे कोणासाठी काय मागितले असते? कोण वाचले असते? हे आता कोणाला विचारू?

सहवासात आजही आशीर्वादाच्या शेवटी ‘सहभाकरिता’ असेच म्हणतात. मास्तरांनीच ते सुरू केले. एकदा शहरातून एक मोठे पाळक आले होते, त्यांनी शब्द ऐकला आणि हसून म्हणाले, “मास्तर, आपल्यासारख्या विद्वानाकडून ही चूक?” मास्तर तेव्हा फार म्हातारे झाले होते. ते म्हणाले, “चूक माझी होती. ती दुरुस्त झाली आहे.”

त्यांनी ज्वारीची भाकर थापायला शिकून घेतले होते. शेवटपर्यंत ते प्रीतिभोजनाला सगळ्यांच्या आधी येत, रिकाम्या परातीच्या तळाला आपली भाकर ठेवत, आणि दाराशी बसत, तान्हाबाईंच्या जागेपाशी. आशीर्वादात तो शब्द आला की ते वाकून जमिनीला कपाळ टेकवीत आणि पुष्कळ वेळ तसेच राहत. नवे लोक म्हणत, मास्तर प्रार्थना करतात. आम्हा जुन्यांना माहीत होते, ते कोणाच्या पायांवर डोके ठेवत होते. आता ते पाय मागे घ्यायला तान्हाबाई नव्हत्या.